तळाचा कंटेनर

"मॅडम, वरचे चार कंटेनर बाजूला करायला किती वेळ लागतो?" टिपणीसांनी विचारलं.

"वीस मिनिटं," मी म्हणाले.

"मग बारा दिवस कशाला लागतायत?"

मी मान वर केली. त्यांच्यामागे भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती. शुक्रवार होता, मे महिन्यातला दुसरा. माझ्या टेबलासमोरची खुर्ची सकाळीच उचलून मी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या देवळेकरांकडे ठेवून आले होते. टिपणीसांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि उभेच राहिले. कपाळावरचा घाम हातरुमालाने टिपत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्या काळी मी बंदरातल्या एका टर्मिनलवर यार्डाचं नियोजन बघत होते. परदेशातून आलेलं जहाज धक्क्याला लागलं की क्रेनने कंटेनर उतरवतात. त्यातला कुठला यार्डात कोणत्या ओळीत ठेवायचा, कशाच्या वर, कशाच्या खाली, हे माझ्या स्क्रीनवर ठरायचं. जहाज एकच, पण त्याच्या पोटातला माल आठवड्याभरात कुठे कुठे जायचा! रेल्वेने नागपूर, इंदूर, हैदराबाद. ट्रेलरने नाशिक, कोल्हापूर. लहान जहाजांनी खालच्या किनाऱ्यावरची बंदरं. कुठल्या तरी गावातल्या दुकानात नवा पंखा लागला, तर तो पंखा एक दिवस माझ्या स्क्रीनवर चौकोन होऊन बसलेला असायचा.

टिपणीसांचा चौकोन बाराव्या ओळीत, कुंपणालगत, सगळ्यात तळाला होता. त्याच्यावर चार कंटेनर होते आणि ते चारही कस्टमने तपासणीसाठी अडवलेले. कस्टमने अडवलेला माल त्यांच्या चिठ्ठीशिवाय हलवायचा नाही, असा आमचा नियम. मी नियमाबाहेर काहीही केलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी एकदा विचारलं, तेव्हा मी त्यांना नियमाची प्रत दाखवली आणि ते मान हलवून गेले. विदर्भाकडे जाणारी मालगाडी मंगळवारी आणि शुक्रवारी सुटायची. टिपणीसांच्या तीन गाड्या चुकल्या होत्या. चौथी त्या दिवशी तीन वाजता होती आणि तिची यादी बारा वाजता बंद होणार होती.

"रेल्वे राहू द्या," टिपणीस म्हणाले, "मी स्वतः ट्रेलर लावतो. तुम्ही फक्त बाहेर काढा. त्यात काय आहे माहितीये तुम्हाला?"

"कागदावर पंप लिहिलंय."

"नळयोजनेचे पंप आहेत. चंद्रपूरकडे एक तालुक्याचं गाव आहे. जुने पंप जळाले, महिना झाला. टँकर येतो तो आठवड्यातून एकदा. भर उन्हात बायका कळशा घेऊन तीन-तीन तास उभ्या राहतात. मी बघून आलोय. गावातली माणसं रोज मला फोन करतात, मॅडम. आज नाही गेला तर हे काम माझ्या हातून काढून घेतील, पुढचं सगळंच जाईल. पण ते जाऊ द्या. तुम्ही त्या गावाचा विचार करा."

"तुम्ही विचार करता माणसांचा?" मी विचारलं.

ते गोंधळले. "म्हणजे?"

"बाळाराम भोईर आठवतो का तुम्हाला?"

त्यांचा रुमालाचा हात कपाळावरच थांबला.

बाळाराम माझा सख्खा थोरला भाऊ. आमच्या आगरी घरांत म्हणतात तसं मी त्याला दादूस म्हणते. लग्नानंतर माझं आडनाव घरत झालं, म्हणून टिपणीसांना नावावरून काही कळण्याचा प्रश्न नव्हता. बंदर व्हायच्या आधी आमच्या मोरखार गावाची मिठागरं होती. ती बंदरात गेली आणि घरटी एक नोकरी मिळाली. आमच्या घरातून दादूस लागला. धक्क्यावर उभं राहायचं, क्रेनने कंटेनर खाली आणला की ट्रेलरवर टेकायच्या आत त्याच्या कोपऱ्यांतल्या लोखंडी खिट्ट्या काढायच्या आणि बाजूला व्हायचं, हे त्याचं काम. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी तो बाजूला झाला नाही. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

त्या पाळीचे मॅनेजर होते मिलिंद टिपणीस. त्यांनी अहवालात एक ओळ लिहिली, 'कामगार दारूच्या नशेत होता.' हॉस्पिटलचा कागद आम्हाला कुणी दाखवला नाही. त्या एका ओळीवर दादूसची नोकरी गेली, आणि भरपाई म्हणून मिळायचं तेही गेलं. त्याहून वाईट गावात झालं. दादूस रस्त्याने कुबडी टेकत निघाला की पोरं मागून झिंगल्यासारखी चालून दाखवायची. वयनीचा बाप तिला न्यायला आला होता. ती गेली नाही. आमची आई मरेपर्यंत एकच विचारत राहिली, "खरा सांग रं, घेतली व्हतीस?" दादूस काही बोलायचा नाही. उठून आत जायचा. मला वाटायचं, अपमानाने बोलत नाही. त्या दिवसानंतर तो थेंबालाही शिवला नाही, लग्नाच्या हळदीत सगळा गाव पितो, तिथेसुद्धा नाही. मला तो पुरावा वाटायचा. ज्याने घेतली नव्हती त्याच्यावर आळ आला, म्हणून त्याने शपथ घेतलीय, असं मी मनात पक्कं धरलं.

त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी घ्या म्हणून गावाने मोर्चा नेला आणि मी लागले. आधी फायली लावायला, मग कॉम्प्युटर शिकून यार्डात. दरम्यान टिपणीसांनी नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. बंदरातून माल उचलायचा आणि आतल्या शहरांना पोचवायचा. त्यांचं नाव कागदांवर यायला लागलं तेव्हापासून मी वाट बघत होते. त्यांचा बाकीचा माल महिन्याला शंभर ठिकाणी जायचा, चुकला तरी फारसं बिघडत नसे. मला असा एक कंटेनर हवा होता, ज्याच्यावाचून त्यांचं अडेल. चार वर्षं मी त्यांचे कागद वाचले. मग हे पंप आले.

"मी त्याची बहीण," मी म्हणाले.

टिपणीसांनी टेबलाची कड धरली. देवळेकर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते, पण त्यांचं पेन थांबलं होतं.

"मला कल्पना नव्हती," टिपणीस हळू म्हणाले.

"ते मला माहितीये."

"मॅडम, झालं ते वाईट झालं. मलाही पुष्कळ दिवस…"

"घड्याळ बघा. सव्वाअकरा झालेत. मला काय पाहिजे ते विचारा."

"काय पाहिजे?"

मी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "तुमच्या हातानं लिहा. बाळाराम भोईर त्या दिवशी प्यायला नव्हता. पूर्ण शुद्धीवर होता. मी अहवालात खोटं लिहिलं. खाली सही, तारीख."

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, वर जाईल, आरडाओरडा करेल. त्याचीही तयारी मी ठेवली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते माझा चेहरा निरखत होते, काहीतरी शोधत असल्यासारखे.

"इतकंच लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"इतकंच."

"तुमच्या भावानं सांगितलं हे, असं लिहून घ्यायला?"

"त्याला यातलं काही माहीत नाही. लिहा."

त्यांनी माझंच पेन घेतलं. वाकून, उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या. अक्षर एकदाही अडखळलं नाही. सही केली, कागद माझ्याकडे सरकवला. "दुसरं काही नको ना?"

"नको."

मी कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. मग कस्टमच्या शिपायाला फोन लावला. त्या चार कंटेनरांची चिठ्ठी खरं तर चार दिवसांपूर्वीच सही होऊन पडली होती. मी मागवली नव्हती, एवढंच. बाराला सात मिनिटं कमी असताना तळाचा कंटेनर क्रेनला लागला. टिपणीस खिडकीशी उभे राहून तो हवेत वर जाताना बघत होते. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मी केला नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तडक मोरखारला गेले. दादूस पडवीत बसून कुणाचा तरी मिक्सर उघडत होता. पाय गेल्यावर त्याने हेच काम धरलं होतं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या. वयनी सुकट निवडत होती.

"आज कशी काय लवकर आलीस?" दादूसने विचारलं. "बरा हाय ना?"

"दादूस, ऐक," मी म्हणाले. मी बसलेही नाही. घडी उघडली आणि मोठ्याने वाचलं. चारच ओळी होत्या. आठ वर्षं मी या क्षणाची चित्रं रंगवली होती. त्यांत कधी दादूस रडायचा, कधी वयनीला हाक मारायचा, कधी कुबडी घेऊन तो कागद गावभर दाखवत सुटायचा.

दादूसने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"त्यान लिवला हे?"

"त्याच्या हातानं. माझ्यासमोर."

"सोताहून?"

मी सगळं सांगितलं. कंटेनर, चुकवलेल्या तीन गाड्या, खुर्ची, सगळं. सांगताना माझा आवाज चढत गेला. वयनी सुकट तशीच सोडून उठली आणि आत निघून गेली. मला ते विचित्र वाटलं.

"यमुने," दादूस म्हणाला, "मी घेतली व्हती."

मी कागद खाली केला.

"बामा पाटलाच्या पोरीची हलद व्हती त्या दिवशी. सकालपासना घेत व्हतो. मना सुट्टी व्हती. तिकडं दोन जहाजा एकदम लागली आन निम्मा गाव हलदीत, धक्क्याव मानूस नाय. टिपणीसन जीप धाडली. मी जीपमदून उतरलो, त्याचे समोर उभा ऱ्हायलो, बोललो, सायेब, मी घेतलेली हाय, मना घरा जाव दे. त्यान माझ्या तोंडाचा वास घेतला. घेतला, यमुने, असा जवल येऊन. आन बोलला, उभा तर ऱ्हाशील ना? जहाज सुटायचा हाय. उभा ऱ्हा."



"कधी बोलला नाहीस," मी म्हणाले.

"काय बोलू? आयला सांगू, व्हय, घेतली व्हती? फुडचा कोन ऐकनार व्हता? पहिल्याच शब्दाला बेवडा ठरलो असतो, माझ्याच तोंडान. ही जानत व्हती." त्याने आतल्या दाराकडे मान वळवली. "जीपमदे बसताना हिन माझा सदरा धरला व्हता."

मी ओट्यावर बसले. मघाचा टिपणीसांचा चेहरा माझ्यासमोर आला. ते माझ्या तोंडावर काय शोधत होते, ते मला आता कळलं. प्यायलेल्या माणसाला जाणूनबुजून क्रेनखाली उभं केलं, ही गोष्ट मला ठाऊक आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांनी मी सांगितलं ते खोटं, एका दमात, न अडखळता लिहून दिलं. मी त्यांना धरलं होतं, आणि मीच सोडून दिलं होतं.

"त्या डब्यान काय व्हता?" दादूसने विचारलं.

"पंप."

"कसले?"

"एका गावाच्या पाण्याचे."

"किती दिस अडवलास?"

"बारा."

त्याने स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला. मग म्हणाला, "त्यान मना एकट्याना उभा केला. तू सगला गाव उभा केलास." आवाज चढवून नाही. कुणाच्या मिक्सरमध्ये काय बिघडलंय ते सांगावं, तसा.

मला त्याचा राग आला. ज्याच्यासाठी केलं तोच असं बोलतो म्हणून. मी कागद तिथेच टाकून निघून आले.

सोमवारी सकाळी दादूस कुबडी घेऊन एसटीत बसला आणि टिपणीसांच्या ऑफिसात गेला. बंदराच्या रस्त्याला ट्रेलर उभे करायचं एक मोठं मैदान आहे, त्याच्यासमोर ते ऑफिस होतं. दादूसने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. तिथल्या शिपायाने नंतर मला सांगितलं.

"ह्या खोटा हाय," दादूस म्हणाला. "खरा लिवा. मी घेतली व्हती, आन तुमाला ठावं व्हता. दोनी लिवा."

"भोईर, तुमच्या बहिणीला हवं ते मी लिहून दिलंय."

"मना नको ते."

"मग फाडून टाका. कंटेनर गेला माझा." टिपणीसांनी दार दाखवलं.

दादूसने कागद फाडला, तुकडे टेबलावर ठेवले आणि बाहेर आला. समोर चहाची टपरी होती, बाहेर बाकडं. त्यावर बसला. पँटचा उजवा पायचा वर दुमडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

त्या मैदानात दिवसाला सातशे-आठशे ट्रेलर थांबतात. पंजाबातले, राजस्थानातले, तेलंगणातले ड्रायव्हर कागद व्हायची वाट बघत तासन्‌तास बसलेले असतात. त्यांच्यापाशी वेळच वेळ. एकजण तरी विचारणारच, "पैर कैसे गया, चाचा?" आणि दादूस त्याच्या मोडक्या हिंदीत सांगायचा. मी प्यायलो होतो. या समोरच्या साहेबाला मी सांगितलं होतं. त्याने वास घेऊन मला उभं केलं, आणि मग मी प्यायलो होतो एवढंच लिहिलं. मग माझ्या बहिणीने त्याचा बदला म्हणून एका गावाचं पाणी बारा दिवस अडवलं.

हे कानावर आलं तेव्हा मी टपरीवर धावत गेले. "माझा कशाला सांगतोस? माझी नोकरी जाईल."

"निम्मा खरा त्यान लिवला व्हता," दादूस म्हणाला. "निम्म्यान काय व्हतंय ते आपल्या घरान बघितलाय. सांगीन तर सगला सांगीन."

टिपणीसांनी आधी शिपायाकरवी त्याला सावलीत बसायला सांगितलं. मग पोलिसांना फोन केला. हवालदार आला, त्याने गोष्ट ऐकली, चहा घेतला आणि म्हणाला, टपरीवर बसायला बंदी नाही. तिसऱ्या आठवड्यात काही ड्रायव्हरांनी टिपणीसांचा माल उचलायचं बंद केलं. कुणी ठरवून नाही. जो प्यायलेल्या माणसाला क्रेनखाली उभं करतो, त्याच्या कामावर आपला क्लीनर सोपवायचा विश्वास राहिला नाही. ज्या व्यापाऱ्यांना माल पोचवायचा, त्यांच्या दुकानात ड्रायव्हर माल उतरवताना हेच बोलायचे. इंदूरहून फोन आला, हैदराबादहून आला. हे खरं आहे का? टिपणीस ऑफिसला मागच्या दाराने यायला लागले. दादूसने बाकडं उचलून मागच्या दाराशी नेलं.

त्या गोष्टीने मलाही सोडलं नाही. चौकशी झाली. चिठ्ठी चार दिवस पडून होती, हे देवळेकरांनी सांगितलं. मी नाकारलं नाही. मला यार्डाच्या नियोजनातून काढून गेटवरच्या खिडकीत बसवलं. आत येणाऱ्या ट्रेलरचं सील बघायचं, नंबर ताडायचा, शिक्का मारायचा. कोणता डबा कुठे ठेवायचा, हे मला पुन्हा कधीच विचारलं गेलं नाही.

दिवाळीच्या आधी टिपणीसांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि बाडबिस्तरा गुजरातकडच्या एका बंदरात हलवला. ज्या दिवशी पाटी उतरवली, त्या दिवशी दादूसने पायचा खाली सोडला, टपरीवाल्याच्या बंद पडलेल्या रेडिओची तार जोडून दिली आणि घरी आला. त्या विषयावर तो पुन्हा बोलला नाही. माझ्याशी नीट बोलायला त्याला अजून वर्षभर लागलं. त्याचा मिक्सर-पंख्यांचा उद्योग अजून चालू आहे.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. टिपणीसांनी बंदर बदललं हे ऐकून मला हळहळ वाटली ती एवढीच, की तिथे त्यांना कुणी ओळखत नसेल.

दोन वर्षांनी, पौषातल्या एका सकाळी खिडकीशी एक ट्रेलर थांबला. राजस्थानी ड्रायव्हर होता, पन्नाशीचा, कानात सोन्याच्या बाळ्या. मागे हायवेपर्यंत रांग लागली होती. मी कागद बघत असताना त्याने खाली वाकून हिंदीत विचारलं, "इथे ट्रेलरच्या मैदानासमोरच्या टपरीवर एक पाय गेलेला माणूस बसायचा, ते खरं आहे का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने गुजरातमधल्या त्या बंदराचं नाव घेतलं. "तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. तो साहेब तिथे पोचला त्याच्या आधीच आम्हाला ठाऊक होतं. गाड्या तर इकडून तिकडे रोजच जातात. त्याचा माल कुणी धरेना, तिथलंही दुकान बंद झालं."

मी सीलचा नंबर ताडून बघितला. बरोबर होता. पुन्हा ताडून बघितला. छातीत काहीतरी गरम गरम पसरत गेलं. ते नाकारता येणार नाही. दादूसला हे आज संध्याकाळी सांगायचं, असं मी मनात ठरवत होते.

"आणि ती बहीण?" ड्रायव्हर म्हणाला. "जिने गावाचं पाणी अडवलं, ती? ती अजून आहे का इथे?"

"आहे."

"कुठे असते?"

मी शिक्का मारला, कागद खिडकीतून बाहेर धरला.

"मीच ती," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. कागद घेतला, काच वर केली आणि गाडी आत नेली.